घड्याळाची नाडीपरीक्षा

वैद्यांकडे जाणारा रोगी आपले दुखणे सांगतो, हात पुढे करतो आणि वैद्य काय म्हणतात याची वाट पाहतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण सारे याच्या नेमके उलट वागतो. घड्याळ मागे पडू लागले किंवा बंद पडले की दुकानाच्या काउंटरवर ते ठेवून आपण म्हणतो, "सर्व्हिसिंग करून ठेवा, संध्याकाळी घेऊन जातो." म्हणजे रोगाचे नावही आपणच ठरवायचे, औषधही आपणच सांगायचे आणि गुण आला नाही तर बोल मात्र घड्याळजीला लावायचा! "रोग रेड्याला आणि औषध पखालीला" ही म्हण अशाच कुणाकडे पाहून जन्माला आली असावी.

मित्रमैत्रिणींनो, घड्याळ खोलून साफ करणे हे एक काम आहे, आणि त्याला काय झाले आहे हे तपासणे हे अगदी वेगळे काम आहे. दुसरे आधी व्हायला हवे. ही तपासणी कशी असते आणि ती न करता घड्याळ दुरुस्तीला देण्यात काय धोका आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

"मोबाईलच्या काळात घड्याळ वापरते कोण?" असे कुणी विचारील. त्याला उत्तर सोपे आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही. तीन तासांत पाच प्रश्न बसवायचे तर मनगटावर साधे घड्याळ असलेले बरे. शिवाय कित्येक घरांच्या कपाटांत आजोबांचे किंवा वडिलांचे एखादे बंद घड्याळ जपून ठेवलेले असते. ते चालू व्हावे असे घरातल्या सर्वांना वाटते. पण त्यासाठी पहिले पाऊल कोणते टाकायचे हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

प्रथम या यंत्राचे थोडक्यात स्वरूप पाहू. किल्लीच्या घड्याळात एका गोल डबीत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिला मेनस्प्रिंग म्हणतात. आपण किल्ली देतो म्हणजे ही गुंडाळी आवळतो. ती सुटू पाहते आणि त्या जोरावर दातेरी चाके फिरतात. हा जोर एकदम सुटला तर सगळा खेळ घटकाभरात आटोपेल. म्हणून एस्केपमेंट नावाची योजना चाकांना अडवते आणि थोडे थोडे सोडते. किती वेळाने सोडायचे हे ठरवते ते बॅलन्स व्हील. हे लहानसे चाक झोपाळ्यासारखे इकडून तिकडे झोके घेते आणि त्याला प्रत्येक वेळी माघारी ओढते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६७५ साली अशी स्प्रिंग लावलेले घड्याळ जगापुढे आणले, आणि खिशात बाळगण्याच्या घड्याळावर खऱ्या अर्थाने विसंबता येऊ लागले.

आपण जी टिकटिक ऐकतो ते या चाकाचे ठोके. एचएमटीच्या 'जनता'सारख्या घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात. म्हणजे सेकंदाला ५, आणि दिवसाला ४,३२,०००. आता थोडे गणित करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. एखाद्या घड्याळाने शंभरात नव्याण्णव गुण मिळवण्याइतके अचूक काम केले, तर आपण त्याची पाठ थोपटू. पण उरलेल्या एका टक्क्याची चूक दिवसाला ८६४ सेकंद, म्हणजे १४ मिनिटे २४ सेकंद होते! परीक्षेत नव्याण्णव गुण मिळवणारा विद्यार्थी पहिला येतो. नव्याण्णव गुणांचे घड्याळ मात्र निकामी ठरते. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहणारे जुने घड्याळ बरे समजले जाते, आणि अर्धे मिनिट म्हणजे शेकडा ०.०३५ एवढीच चूक होय. इतक्या नाजूक हिशेबाच्या यंत्रात बिघाड कुठे आहे हे नुसत्या अंदाजाने सांगणे कुणालाही शक्य नाही, हे यावरून ध्यानात यावे.

शिवाय घड्याळाचे लक्षण एक असते आणि कारणे अनेक. घड्याळ बंद पडते ते मेनस्प्रिंग तुटल्याने, बॅलन्सचा आस मोडल्याने, आत पाणी जाऊन गंज चढल्याने, एखादा धागा चाकात अडकल्याने, किंवा दोन काटे एकमेकांना घासल्याने. यांतले शेवटचे कारण असेल तर काटा चिमट्याने किंचित सरळ केला की काम होते. मागे पडते ते बहुधा तेल सुकल्याने किंवा मळ साचल्याने. एकाएकी फार पुढे जाऊ लागले तर हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली असावीत असा संशय घ्यावा. वेटोळी चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, ती ताठ होते आणि चाक घाईने झोके घेऊ लागते. आणि ती चिकटण्याचीही कारणे तीन: तिच्यावर तेल उडालेले असेल, हिसका बसून ती गुंतलेली असेल, किंवा तिच्यात चुंबकत्व शिरलेले असेल.

हे सारे मला पुस्तकातून समजले नाही. आमच्या घरी आजोबांचे 'जनता' घड्याळ आहे. आजोबा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते आणि एका हंगामाच्या बोनसमधून त्यांनी ते घेतले होते. आमच्या घरात विकत घेतलेली ती पहिली वस्तू, जी पोटासाठी किंवा अंगावर घालण्यासाठी नव्हती. मी कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांनी ते माझ्या हाती दिले. प्रथम वर्षाच्या परीक्षेला महिना उरला असता ते अचानक दिवसाला सुमारे १५ मिनिटे पुढे जाऊ लागले. तालुक्याच्या एका दुकानात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ते नेले. दुकानदाराने ते कानाशी धरले, हलवून पाहिले आणि झाकणही न उघडता सांगितले, "याचं मशीनच बदलावं लागेल. बाराशे रुपये." अप्पा बाजार समितीत हमाली करतात. बाराशे रुपये म्हणजे किती पोती, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. त्यांनी घड्याळ परत मागून घेतले.

पुढे जिल्ह्याच्या गावी एका वयस्कर घड्याळजींकडे आम्ही गेलो. ते म्हणाले, "आधी बघतो. बघायचे पन्नास रुपये होतील. पुढचं काम करायचं की नाही ते नंतर तुम्ही ठरवा." अप्पा जरा चमकले. "नुसतं बघायचे पैसे?" असे त्यांनी विचारलेही. घड्याळजी रागावले नाहीत. "दादा, बघता येणं हेच तर माझं काम. हात काय, पोराचेही चालतात," एवढेच ते बोलले. त्यानंतर अर्धा-पाऊण तास त्यांनी जे केले ते मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून पाहिले, आणि जे कळले नाही ते विचारून घेतले.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी झाली. घड्याळ केव्हापासून पुढे जाते? हळूहळू की एकदम? पडले होते का? पाण्यात गेले होते का? शेवटचे कधी खोलले होते? वैद्य रोग्याला विचारतात तशीच ही विचारपूस. त्यानंतर बाहेरून पाहणी झाली. काच कुठे तडकली आहे, किल्लीचा गोंडा सैल आहे का, किल्ली देताना मध्येच घसरते का, काटे फिरवताना अडतात का, हे सर्व त्यांनी एका वहीत टिपले. मग झाकण उघडून डोळ्याला भिंग लावले. भिंगातून गंज दिसतो, वाळलेले तेल दिसते. आणि आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे पूर्वीच्या दुरुस्तीचा इतिहास. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी बेताच्या हत्याराने घाईत काम केले आहे, असे समजायचे.

नंतर त्यांनी एक लहानसे होकायंत्र घड्याळाजवळ आणले. त्याची सुई थरथरू लागली. "बघ पोरी, लोहचुंबक लागलंय याला," ते म्हणाले. स्पीकर, मोबाईलचे चुंबकाचे कव्हर, पर्सचे चुंबकी बटण अशा कितीतरी वस्तूंतून हे होऊ शकते, आणि ते केव्हा झाले हे घरात कुणाला बहुधा कळतही नाही. चुंबकत्व उतरवण्याचे एक छोटे विजेचे उपकरण असते. त्यातून घड्याळ सावकाश दूर नेले की काही सेकंदांत काम होते. त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. ज्या दोषासाठी सबंध मशीन बदलायला निघालेले होते, तो दोष असा क्षणात गेला.

पण तपासणी येथे संपली नाही. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेलच असे नाही. त्यांनी घड्याळाला पूर्ण किल्ली देऊन ते टायमिंग मशीनवर ठेवले. या यंत्रात एक मायक्रोफोन असतो. तो घड्याळाचे ठोके ऐकतो आणि पडद्यावर तीन गोष्टी दाखवतो. घड्याळाची खरी नाडीपरीक्षा ती हीच. पहिली गोष्ट चाल: दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरी झोका: बॅलन्स व्हील किती अंश फिरते. पूर्ण किल्ली दिलेल्या, निरोगी घड्याळात आडव्या स्थितीत हा झोका साधारण २७० ते ३१० अंश असतो. तो २०० अंशांच्या खाली गेला की घड्याळ अशक्त झाले, जोर कुठेतरी वाया जातो आहे, असे मानतात. तिसरी गोष्ट म्हणजे टिक आणि टक यांच्यामधले अंतर सारखे आहे की घड्याळ लंगडते आहे. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि तो अशा एका भागाच्या आत असला तर चांगला समजतात.

हीच मोजणी घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत धरून करतात: तबकडी वर, तबकडी खाली, किल्ली वर, किल्ली खाली. कारण हातावर घड्याळ एकाच स्थितीत कधी नसते. आडवे असताना नीट चालणारे आणि उभे केले की मागे पडणारे घड्याळ बॅलन्सच्या तोलाचा किंवा झिजलेल्या आसाचा दोष सांगत असते. याखेरीज चांगले घड्याळजी पूर्ण किल्ली देऊन घड्याळ एक दिवस ठेवून घेतात आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजतात. सकाळी धावणारे घड्याळ रात्री दमते का, हे त्याशिवाय कळत नाही.

आमच्या घड्याळाचा झोका १९० अंश निघाला आणि चुंबकत्व उतरल्यावर ते दिवसाला ४० सेकंद मागे पडत होते. म्हणजे तेल सुकले होते आणि सर्व्हिसिंग खरोखरच हवे होते. मशीन बदलणे मात्र मुळीच नको होते. सर्व्हिसिंगचे चारशे रुपये झाले. तपासणीमुळे नेहमी खर्च वाचतोच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कित्येकदा ती "चालते आहे तोवर चालू द्या" या आपल्या समजुतीला धक्का देते. सुकलेल्या तेलावर चालणारे घड्याळ बाहेरून ठीक दिसते. आत मात्र आस झिजत असतात, आणि झीज भरून येत नाही.

मशीन बदलले असते तर काय बिघडले असते, असे कुणी म्हणेल. यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला मनगटी घड्याळांची निर्मिती सुरू केली. पुढे तुमकूर आणि रानीबाग येथेही कारखाने निघाले. सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ दिसू लागले त्यात या कंपनीचा वाटा मोठा आहे. २०१६ साली केंद्र सरकारने घड्याळांचा हा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे 'जनता'चे अस्सल सुटे भाग आता तयार होत नाहीत. जे बाजारात मिळतात ते जुन्या साठ्यातले, किंवा दुसऱ्या घड्याळांतून काढलेले. आपले चांगले मशीन काढून कुठले तरी अर्धवट झिजलेले मशीन बसवले गेले तर आपल्याला ते बाहेरून कळणारही नाही. तबकडीचेही तसेच आहे. "नवी करून देतो" म्हणून जुनी तबकडी खरवडून पुन्हा रंगवतात. ती चकचकीत होते खरी, परंतु मूळची अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा उल्लेख करायला हवा. "घड्याळजी आतली रत्ने काढून घेतात" असे आमच्या भागात सर्रास म्हटले जाते. घड्याळात '१७ ज्युएल्स' लिहिलेले असते, त्यावरून हा समज पसरला असावा. वस्तुतः ही रत्ने म्हणजे कृत्रिम माणके. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगुस्त व्हेर्नुई याने १९०२ साली माणके कारखान्यात बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ती स्वस्तात तयार होऊ लागली. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ती बसवतात. दागिना म्हणून त्यांना मोल नाही. तेव्हा रत्नांची चोरी ही बव्हंशी दंतकथा आहे. भीती बाळगायचीच तर ती न विचारता बदललेल्या भागांची बाळगावी.

सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनाही तपासणी लागू आहे. त्यांच्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून सेकंद मोजला जातो. घड्याळ बंद पडले की आपण सेल बदलून मोकळे होतो. पण नवा सेल तीन महिन्यांतच संपला तर काय समजायचे? मशीन मळाने जड झाले असेल तर ते जास्त वीज खाते. मीटर लावून सेलचा दाब आणि मशीन ओढत असलेली वीज मोजली की दोष सेलचा की मशीनचा, हे पाच मिनिटांत उघड होते. संपलेला सेल आत तसाच राहून पाझरला तर सर्किट खराब होते. म्हणून बंद घड्याळ कपाटात ठेवण्यापूर्वी सेल काढून ठेवणे शहाणपणाचे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार करावा. 'वॉटर रेझिस्टंट' ही अक्षरे घड्याळ नवे असतानाची असतात. झाकणाखालची रबरी रिंग कालांतराने कडक होते, मग ती अक्षरे तशीच राहतात आणि पाणी आत जाते. घड्याळ पाण्यात न बुडवताही हे तपासता येते. ते एका बंद भांड्यात ठेवून हवेचा दाब वाढवतात आणि घड्याळाच्या आकारात होणारा सूक्ष्म बदल मोजतात. आतमध्ये हवा शिरत असेल तर यंत्र ते सांगते. सेल बदलण्यासाठी झाकण उघडले की ही तपासणी पुन्हा करून घेणे इष्ट.

आता ग्राहक म्हणून आपण काय करावे? घड्याळ देताना "सर्व्हिसिंग करा" असे न म्हणता "काय झाले आहे ते पाहून सांगा" असे म्हणावे. लक्षणे मात्र नीट सांगावीत. "बिघडलंय" या शब्दातून कुणालाच काही कळत नाही. शक्य तर दोन-चार दिवस रोज एकाच वेळी घड्याळ मोबाईलच्या वेळेशी ताडून फरक कागदावर लिहून न्यावा. देण्यापूर्वी तबकडीचा आणि झाकणावरील क्रमांकाचा फोटो काढावा. कोणते काम, कोणता भाग, किती खर्च हे पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या अर्थाने 'सेवा' आहे, आणि आपण कशाचे पैसे देतो हे जाणून घेणे हा आपला हक्क आहे. काम झाल्यावर टायमिंग मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी पाहावेत. आधी मोजलेच नसेल, तर गुण आला की नाही हे ठरवायचे कशावरून?

आणि तपासणीचे पैसे मागितले तर कुरकुर करू नये. आमच्यासारख्या घरांत काम म्हणजे घाम, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोते उचलले तर मजुरी. पोत्याकडे नुसते पाहण्याची मजुरी कोण देणार? परंतु घड्याळजीच्या नजरेमागे तीस-चाळीस वर्षांचे शिक्षण असते आणि ते कोणत्याही कॉलेजात मिळालेले नसते. पाहण्याचे पैसे त्याला मिळाले नाहीत, तर ते तो कुठून काढणार? काहीतरी बदलूनच! फुकट तपासणीचा हट्ट धरणारा ग्राहक स्वतःच्याच हाताने नको ते भाग बदलायला लावतो, असे मला वाटते. माझ्या वडिलांनी त्या दिवशी पन्नासाची नोट काउंटरवर ठेवली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "माणसाला येतंय म्हणून तर तो मागतोय." अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाचे मूल्य हा विषय निघाला की मला हे वाक्य आठवते.

टायमिंग मशीन असलेले घड्याळजी आता लहान गावांत विरळ झाले आहेत. आपल्या गावात असा कुणी असेल तर त्याच्याकडे कपाटातले ते बंद घड्याळ एकदा अवश्य न्यावे. दुरुस्त करायचे की नाही हे मागाहून ठरवता येईल. आधी त्याला काय झाले आहे, एवढे तरी विचारून यावे.